हिकनलूपर, जॉन

हिकनलूपर, जॉन राइट : (७ फेब्रुवारी १९५२ – ). अमेरिकेतील कोलोराडो राज्याची राजधानी डेन्व्हर येथील हॉटेल-व्यावसायिक आणि २००३ ते २०११ या काळात त्या शहराचे महापौर. पुढे कोलोराडोचे गव्हर्नर (२०११–१९) आणि २०२१ पासून अमेरिकी सिनेटचे सदस्य. शिक्षणाने भूवैज्ञानिक. तेलाच्या मंदीत नोकरी गेली म्हणून खाण्यापिण्याच्या धंद्यात शिरले आणि वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्याआधी कुठलेही निवडून येण्याचे पद भूषवलेले नसताना, थेट महापौर झाले. गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाला गिऱ्हाईक तोडून चालत नाही. हा स्वभाव ते राजकारणातही घेऊन आले. महापौर म्हणून त्याचा त्यांना लाभ झाला, गव्हर्नर म्हणून तोच अनेकदा अडचणीचा ठरला.

जन्म पेनसिल्व्हेनिया राज्यातील नार्बर्थ या गावी. पणजोबा अँड्र्यू हिकनलूपर यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात अधिकारी होते, आजोबा संघराज्याच्या न्यायालयात न्यायाधीश. घराणे नावाजलेले असले तरी घरची परिस्थिती बेताची होती. जॉन लहान असतानाच वडील कर्करोगाने गेले. आईचे हे दुसरे वैधव्य. तिने काटकसरीने मुले वाढवली. कनेटिकटमधील वेस्लियन विद्यापीठातून त्यांनी १९७४ मध्ये इंग्रजी साहित्याची पदवी घेतली आणि मग, बऱ्याच रेंगाळण्यानंतर, तिथेच १९८० मध्ये भूविज्ञानाची पदव्युत्तर पदवी मिळवली. बकहॉर्न पेट्रोलियम या कंपनीतील नोकरीने त्यांना कोलोराडोत आणले. १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले, डेन्व्हरमधील तेल कंपन्यांनी धडाधड माणसे कमी केली आणि त्यांत हेही होते.

बेकारीच्या काळात कॅलिफोर्नियातील बर्कली येथे त्यांनी एक ब्रूपब पाहिला. ब्रूपब म्हणजे मागच्या दालनात बिअर बनवायची आणि पुढच्या दालनात जेवणाबरोबर तीच विकायची. आज हा प्रकार पुण्या-मुंबईतही रुळला आहे. तेव्हा अमेरिकेतही तो विरळा होता आणि कोलोराडोत तर नव्हताच. धंद्याचा आराखडा कसा लिहायचा याचे पुस्तक सार्वजनिक ग्रंथालयातून आणून हिकनलूपरांनी कागद तयार केले आणि पैशासाठी लोकांचे उंबरे झिजवले. त्यांच्या आईनेही पैसे गुंतवायला नकार दिला होता, हे ते स्वतःच रंगवून सांगतात. अखेर काही भागीदारांसह ऑक्टोबर १९८८ मध्ये ‘विनकूप ब्रूइंग कंपनी’ सुरू झाली.

जागेची निवड धाडसाची होती. रेल्वेच्या युनियन स्टेशनसमोरचा ‘लोअर डाउनटाउन’ हा जुन्या वखारींचा भाग तेव्हा ओस पडला होता. तिथे १८९९ मध्ये बांधलेल्या जे. एस. ब्राउन मर्कंटाइल या व्यापारी इमारतीत त्यांना वर्षाला चौरस फुटामागे एक डॉलर अशा नाममात्र भाड्याने जागा मिळाली. १९८८ मध्येच शहराने या भागाला ऐतिहासिक परिसराचा दर्जा देऊन जुन्या इमारती पाडण्याला लगाम घातला. म्हणजे हिकनलूपरांच्या हिमतीला नगरपालिकेच्या निर्णयाची साथ होती. त्यांच्या यशाच्या कहाण्यांत हा भाग सहसा गाळला जातो. विनकूप चालू लागल्यावर त्यांनी आसपासच्या हॉटेलवाल्यांशी स्पर्धा करण्याऐवजी त्यांच्यासोबत सामाईक जाहिराती केल्या. गिऱ्हाईक आधी या भागात यायला हवे, कुठल्या हॉटेलात शिरते ते नंतरचे, असा त्यांचा हिशेब होता. १९९४ मध्ये ‘टॅटर्ड कव्हर’ हे डेन्व्हरचे प्रसिद्ध पुस्तकांचे दुकान तिथे आले, त्याच्या मालकीण जॉयस मेस्किस यांच्याबरोबर हिकनलूपरांनी वखारींच्या पुनर्विकासात भाग घेतला. १९९५ मध्ये जवळच कूअर्स फील्ड हे बेसबॉलचे मैदान उघडले आणि मग भाडी अशी चढली की एका डॉलरची गोष्ट दंतकथा वाटू लागली. अर्थात स्वस्त भाड्यामुळे तिथे राहणाऱ्या चित्रकारांना आणि किरकोळ धंदेवाल्यांना या भरभराटीत बाहेर पडावे लागले.

प्रसिद्धीच्या क्लृप्त्या काढण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. स्पेनमधील पॅम्प्लोना येथील बैलांपुढच्या धावेची नक्कल म्हणून त्यांनी डुकरांची धाव भरवली. प्राणिप्रेमींनी आवाज उठवल्यावर ती बंद झाली. कादंबरीकार कर्ट व्हॉनेगट हे कॉर्नेल विद्यापीठात त्यांच्या वडिलांचे स्नेही होते. वडिलांना ओळखणारा माणूस म्हणून हिकनलूपरांनी व्हॉनेगट यांच्याशी ओळख वाढवली. व्हॉनेगट यांचे आजोबा इंडियानापोलिसमध्ये बिअर बनवणारे. त्यांच्या जुन्या पाककृतीत कॉफी असे. १९९६ मध्ये विनकूपने कॉफी घातलेली बिअर काढून तिला कर्ट यांचे नाव दिले. हळूहळू कोलोराडो स्प्रिंग्ज, ओमाहा आणि इतर शहरांच्या ओस पडलेल्या मध्यवस्त्यांतही हिकनलूपरांनी भागीदारीत अशीच हॉटेले काढली.

शहराला त्यांची सार्वजनिक ओळख झाली ती एका नावावरून. डेन्व्हरचे जुने फुटबॉल मैदान ‘माइल हाय’ म्हणून प्रसिद्ध होते, कारण शहर समुद्रसपाटीपासून बरोबर एक मैल उंचीवर आहे. नव्या मैदानाचे नाव कंपनीला विकण्याचे ठरल्यावर हिकनलूपरांनी २००० च्या सुमारास विरोधाची मोहीम चालवली. शेवटी तडजोडीत कंपनीच्या नावापुढे ‘माइल हाय’ राहिले.

डेन्व्हर हे शहर आणि काउंटी अशी एकत्रित संस्था आहे. महापौर थेट मतदारांकडून चार वर्षांसाठी निवडला जातो. मतपत्रिकेवर पक्षाचे नाव नसते. पोलीस, विमानतळ, सार्वजनिक बांधकाम अशा खात्यांचे प्रमुख तोच नेमतो आणि अंदाजपत्रकही तोच मांडतो. आपल्याकडे महापालिका आयुक्तांच्या हाती असणारा कारभार तिथे महापौराच्या हाती असतो. वेलिंग्टन वेब यांची तिसरी आणि शेवटची मुदत २००३ मध्ये संपत होती आणि रिंगणात बरेच उमेदवार होते. पार्किंगचे दर नुकतेच वाढल्याने लोक चिडले होते. हिकनलूपरांच्या गाजलेल्या जाहिरातीत ते कमरेला सुट्ट्या नाण्यांचे यंत्र लावून रस्त्याने फिरतात आणि अनोळखी लोकांच्या मीटरमध्ये नाणी टाकतात. प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध मात्र त्यांनी एकही जाहिरात केली नाही. जूनमधील दुसऱ्या फेरीत शहराचे लेखापरीक्षक डॉन मॅरेस यांचा त्यांनी सुमारे ६५ टक्के मते मिळवून पराभव केला. २१ जुलै २००३ रोजी शपथ घेताना त्यांनी विनकूपचा कारभार विश्वस्तांकडे सोपवला होता. २००७ मध्ये आपला वाटाही विकला.

पदावर आल्या आल्या सुमारे ७ कोटी डॉलरची तूट समोर उभी होती. शपथविधीच्या काही दिवस आधी पोलिसांच्या गोळीने एका मतिमंद मुलाचा मृत्यू झाल्याने शहर संतापले होते. त्यातून पोलिसांच्या वर्तनावर लक्ष ठेवणारे स्वतंत्र कार्यालय पुढे निर्माण झाले. मुख्य सहायक म्हणून त्यांनी मायकेल बेनेट या वित्तक्षेत्रातून आलेल्या वकिलाला निवडले. बेनेटही राजकारणात नवखेच होते.

उपनगरांशी जुळवून घेणे ही त्यांच्या महापौरपदाची खरी कमाई मानावी लागेल. डेन्व्हर आणि भोवतालची गावे यांच्यात पाणी, शाळा आणि हद्दवाढ यांवरून पिढीजात वैर होते. १९७४ च्या राज्यघटना दुरुस्तीने डेन्व्हरची हद्दवाढच जवळपास अशक्य करून टाकली होती. हिकनलूपरांनी उपनगरांच्या महापौरांकडे जाऊन, मोठ्या शहराचा तोरा न मिरवता, बोलणी सुरू केली. नोव्हेंबर २००४ मध्ये ‘फास्टट्रॅक्स’ ही रेल्वे आणि बससेवेची योजना मतदानाला आली तेव्हा परिसरातील महापौर तिच्या पाठीशी उभे होते. त्यासाठी ०.४ टक्के जादा विक्रीकर लोकांनी स्वखुशीने मान्य केला. १९९७ मध्ये अशाच योजनेला मतदारांनी झिडकारले होते. ४७० कोटी डॉलर आणि १९० किलोमीटरहून अधिक नवे लोहमार्ग असा मूळ अंदाज होता. तो सपशेल चुकला. खर्च वाढला, मंदीत कराचे उत्पन्न घटले. विमानतळाची गाडी २०१६ मध्ये धावू लागली, पण कर भरत असलेल्या बोल्डर आणि लाँगमाँट या गावांची रेल्वे रखडली आणि तिथल्या लोकांचा राग गेला नाही.

एप्रिल २००५ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने देशातील मोठ्या शहरांच्या पाच उत्तम महापौरांत त्यांची गणना केली. बेघरपणा दहा वर्षांत संपवण्याची योजना त्यांनी त्याच वर्षी जाहीर केली. निवारे आणि घरे वाढली, बेघरपणा संपला नाही. बालवाड्यांसाठी छोटा विक्रीकर २००६ मध्ये मंजूर झाला. त्याच वर्षाच्या शेवटी मोठी हिमवादळे आली आणि गल्लीबोळांतला बर्फ आठवडेच्या आठवडे निघाला नाही. डेन्व्हरच्या माणसाला बर्फाचे अप्रूप नाही, त्यामुळे या गलथानपणाबद्दल त्याने महापौरांना सोडले नाही. तरी मे २००७ मध्ये ते ८५ टक्क्यांहून अधिक मतांनी पुन्हा निवडून आले. त्यानंतर ५५ कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना मतदारांनी संमती दिली आणि ऑगस्ट २००८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे राष्ट्रीय अधिवेशन डेन्व्हरमध्ये भरले. बराक ओबामांनी उमेदवारी तिथेच स्वीकारली.

माणसांत रमणाऱ्या या माणसाला चेहरे ओळखता येत नाहीत. प्रोसोपॅग्नोझिया हा दोष आपल्याला असल्याचे त्यांनी उघडपणे सांगितले आहे. भेटेल त्या प्रत्येकाशी जुनी ओळख असल्यासारखे बोलण्याची त्यांची लकब यातूनच आली असावी.

२०१० मध्ये ते गव्हर्नरपदी निवडून आले आणि जानेवारी २०११ मध्ये महापौरपद सोडले. इथे सर्वांना सांभाळून घेण्याची रीत अपुरी पडू लागली. जुलै २०१२ मध्ये ऑरोरा येथील चित्रपटगृहातील गोळीबारात १२ जण मारले गेले. पुढच्या वर्षी त्यांनी बंदूक-नियंत्रणाच्या कायद्यांवर सही केली आणि नंतर शेरीफांसमोर त्याबद्दल सारवासारव केल्याने दोन्ही बाजू नाराज झाल्या. त्याच वर्षी एका कैद्याच्या मृत्युदंडाची अंमलबजावणी त्यांनी अनिश्चित काळासाठी थांबवली, पण शिक्षा रद्दही केली नाही. खडकांत द्रव दाबून तेल-वायू काढण्याच्या पद्धतीचे समर्थन करताना आपण तो द्रव प्यायल्याचे त्यांनी सिनेटच्या समितीत सांगितले. पर्यावरणवाद्यांनी ते कधी विसरू दिले नाही. उलट तेलकंपन्या आणि पर्यावरण संस्था यांना एका टेबलाशी बसवून मिथेन-गळतीवर देशात पहिले राज्यस्तरीय नियम २०१४ मध्ये आणले तेही त्यांनीच. गांजाच्या कायदेशीर विक्रीला त्यांचा विरोध होता. मतदारांनी ती २०१२ मध्ये मंजूर केल्यावर ती राबवण्याचे काम मात्र त्यांच्याच सरकारकडे आले.

‘द ऑपोझिट ऑफ वो’ हे त्यांचे आत्मकथन २०१६ मध्ये निघाले. २०१९ मध्ये ते राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उतरले आणि पाच-सहा महिन्यांत बाहेर पडले. जून २०२० मध्ये राज्याच्या नीतिमत्ता आयोगाने, गव्हर्नर असताना खासगी विमानप्रवासासारखे लाभ घेतल्याच्या दोन प्रकरणांत त्यांना दोषी ठरवून २,७५० डॉलरचा दंड केला. तरीही नोव्हेंबरमध्ये त्यांनी रिपब्लिकन पक्षाचे कोरी गार्डनर यांचा पराभव केला. जानेवारी २०२१ मध्ये ते सिनेटमध्ये पोहोचले तेव्हा कोलोराडोचे ज्येष्ठ सिनेटर होते मायकेल बेनेट, त्यांचे महापालिकेतील जुने मुख्य सहायक.