सार्वजनिक शौचालय : आराखडा आणि दरफलक

दिल्लीला गेलात तर पालमजवळच्या महावीर एन्क्लेव्हमधील शौचालय संग्रहालय अवश्य पाहा. सुलभ इंटरनॅशनलचे संस्थापक डॉ. बिंदेश्वर पाठक यांनी ते १९९२ मध्ये उभारले. चौदाव्या लुईच्या शौचासनाची प्रतिकृती तिथे सर्वांना आवडते. तुम्ही मात्र सुलभने देशभर नेलेले दोन खड्ड्यांचे शौचालय समजून घ्या. एक खड्डा भरला की प्रवाह दुसऱ्याकडे वळवतात. बंद खड्ड्यातील मैल्याचे दोनेक वर्षांत खत होते. ताजा मैला माणसाने उपसण्याची गरजच उरत नाही. जातीने लादलेल्या त्या कामाविरुद्ध संसदेने कायदा केला तो १९९३ मध्ये!

बागेत किंवा बाजारात आणखी एक प्रश्न येतो : देखभालीचा खर्च कोणी द्यायचा? १९७४ मध्ये पाटण्यात सुलभने पैसे देऊन वापरायचे शौचालय सुरू केले. ही पद्धत पुढे दिल्लीतही रुळली. पण आराखड्यातच एक भेद राहिला. पुरुषांची मुतारी उघडी, म्हणून बहुधा मोफत. स्त्रीला बंद खोली लागते, म्हणून लघवीलाही पैसे. २०११ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘राइट टू पी’ मोहिमेने नेमके यावरच बोट ठेवले. तुमच्या गावच्या बागेत दरफलक असेल, तर दोन्ही दारांवरचा वाचा.