मादी कळीची वाट

डाळिंबाची बाग लालभडक फुलली, म्हणून अहिल्यानगर जिल्ह्यातला जाणता बागायतदार लगेच हुरळून जात नाही. तो फांद्या बाजूला सारून कळीचा देठाकडचा भाग बघतो. निमुळती, घंटेसारखी असेल तर ती नर. तिचा बीजांडकोश खुरटलेला असतो, स्त्रीकेसर आखूड. चार दिवस मिरवून ती गळून पडते. तळाशी फुगीर असेल तर ती मादी. पुंकेसर तिच्यातही असतात, पण फळ धरतं ते तिलाच.

ही मादी कळी वेळेवर आणि भरपूर निघावी, यासाठीच बहार धरण्याची रीत पडली. डाळिंब आपल्या मर्जीने वर्षभर थोडंथोडं फुलत राहतं, त्यावर बाजार चालत नाही. म्हणून पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, पानगळ झाली की छाटणी करायची, खत घालायचं, मग पहिलं पाणी सोडायचं. आंबिया, मृग आणि हस्त हे तीन बहार असेच धरले जातात. संगमनेर, राहाता, पारनेर या कमी पावसाच्या भागाला हे पीक मानवलं, कारण ताण देणं इथे सोपं होतं.

बागांचा चेहरा मात्र बदलला राहुरीने. पुण्याच्या गणेशखिंडीत फळशास्त्रज्ञ डॉ. चीमा यांनी १९३६ मध्ये निवडलेला ‘गणेश’ हा वाण मऊ बियांचा, पण दाणा फिका. ‘गुलेशाह रेड’ गडद लाल, पण बी कडक. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने या दोघांचा संकर घडवला. हे काम नाजूक असतं. कळी उमलण्याआधी चिमट्याने तिचे पुंकेसर काढायचे, दुसऱ्या जातीचे पराग कुक्षीवर टेकवायचे, वर पिशवी बांधायची. या संकराच्या वंशातून ‘मृदुला’, ‘आरक्ता’ आणि पुढे दुसऱ्या पिढीतून निवडलेला ‘भगवा’ आला. जाड साल, लांबच्या वाहतुकीत टिकणारं फळ आणि लाल दाणे यांमुळे भगव्याने परदेशी बाजार मिळवला आणि गणेश मागे पडला. दुष्काळी शिवारात सरकारी संशोधनाने इतकं थेट उत्पन्न वाढवल्याची उदाहरणं थोडीच आहेत.

पण तेल्या या जिवाणूजन्य रोगाने हिशेब पुन्हा विस्कटला. पावसाळी दमट हवेत तो झपाट्याने पसरतो, म्हणून अनेकांनी पावसाळ्यातला मृग सोडून पावसाळ्यानंतरचा हस्त बहार धरला. तिथे अडचण वेगळी: जमिनीत पावसाची ओल शिल्लक असते, ताण पुरेसा बसत नाही, आणि मादी कळी कमी निघते.