गाजरगवताचा त्वचादाह

गाजरगवत या तणाच्या संपर्काने होणारा, ॲलर्जीच्या स्वरूपाचा, अतिशय खाजरा आणि वर्षानुवर्षे चालणारा त्वचारोग. तणाचे शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. महाराष्ट्रात काँग्रेस गवत, चटकचांदणी, पांढरी फुली अशीही त्याची नावे आहेत. भारतात वनस्पतींमुळे होणाऱ्या संपर्कजन्य त्वचारोगांत हा सर्वाधिक आढळतो. आज तो सर्रास दिसत असला, तरी भारतातील वैद्यकीय नियतकालिकांत त्याची नोंद प्रथम एक अनोखा आजार म्हणून झाली, आणि ती पुण्याकडच्या डॉक्टरांनी केली. लोणकर आणि जोग यांनी १९६८ साली या रोगाचा रुग्णवृत्तांत प्रसिद्ध केला. एरवी नुसते ‘इसब’ म्हणून मलम लावून सोडून दिल्या जाणाऱ्या कितीतरी आजारांचे मूळ रस्त्याकडेच्या एका झाडात असू शकते, हे त्यानंतर तपासता येऊ लागले.

हे तण मूळचे उष्णकटिबंधीय अमेरिकेतले, सूर्यफूल आणि शेवंतीच्या कुळातले. पाने गाजराच्या पाल्यासारखी चिरलेली, खोड उभ्या रेषांचे, फुले बारीक आणि पांढरी. झाड सहसा कमरेइतके वाढते. चांगली जमीन मिळाली तर माणसाच्या डोक्यावर जाते. पहिल्या पावसाबरोबर उगवून महिना-दीड महिन्यात ते फुलावर येते आणि ओल टिकली तर वर्षभरात त्याच्या अनेक पिढ्या होतात. एकेका झाडाला दहा हजारांहून अधिक बी धरते. जनावरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. त्यामुळे चराऊ रानातही ते बिनधास्त वाढते.

पीएल-४८० या अमेरिकी अन्नसाहाय्याच्या कायद्याखाली आलेल्या गव्हातून हे तण भारतात शिरले, असे घरोघरी सांगितले जाते. सालांचा मेळ मात्र बसत नाही. तो कायदा अमेरिकेत १९५४ साली झाला; पुण्यातल्या उकिरड्यांवर ही झाडे प्रा. परांजपे यांच्या नजरेस १९५१ मध्येच आली होती. रोला शेषगिरी राव यांनी १९५६ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये भारतातील नवी वनस्पती म्हणून तिची नोंद केली. पुढे डेहराडूनच्या वनस्पतिसंग्रहात वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रँडिस यांनी १८८० साली गोळा केलेला नमुनाही सापडला. आयात धान्याने तणाचा फैलाव वाढवला असेल, पण पहिल्या प्रवेशाचे खापर त्याच्यावर फोडता येत नाही.

पुण्यातील रुग्णवृत्तांत : लोणकर आणि जोग यांचा लेख इंडियन जर्नल ऑफ डर्मटॉलॉजी अँड व्हेनेरिऑलॉजी या नियतकालिकाच्या ३४व्या खंडात आला. वैद्यकीय पुराव्यांच्या उतरंडीत रुग्णवृत्तांताला खालची जागा देतात, कारण त्यात ना मोठी संख्या असते, ना तुलनेसाठी दुसरा गट. असे असले तरी नव्या आजाराची चाहूल बहुधा त्यातूनच लागते. समोरच्या माणसाचे पुरळ ओळखीच्या कोणत्याही चौकटीत बसत नाही, हे जाणवणे आणि ते कागदावर उतरवणे याला संख्याशास्त्र लागत नाही, डोळे लागतात. १९७२ साली याच दोघांनी पुण्याकडे पसरलेली या त्वचादाहाची साथ ‘कॉन्टॅक्ट डर्मटायटिस न्यूजलेटर’मधून जगापुढे मांडली. १९७४ मध्ये लोणकर यांनी वनस्पतिजन्य त्वचारोगांचे अभ्यासक जॉन मिचेल आणि लंडनच्या सेंट जॉन्स रुग्णालयाचे कॅल्नन यांच्यासह सविस्तर निबंध लिहिला. १९७६ मध्ये पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील नागसंपगी आणि इतर रसायनशास्त्रज्ञांबरोबर त्यांनी तणातल्या ॲलर्जीकारक द्रव्यावर निबंध प्रसिद्ध केला. दवाखान्यात आलेल्या रुग्णापासून रेणूपर्यंतचे हे अंतर आठ वर्षांत कापले गेले, हे महाराष्ट्राच्या वैद्यकीय इतिहासात अभिमानाने नोंदवावे असे काम आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागात या तणामुळे झालेल्या त्वचारोगाच्या तुरळक नोंदी त्याआधीच्या आहेत. पण पुण्याकडे आली तशी साथ तिथे आली नाही. सगळीकडचे गाजरगवत एकसारखेही नसते. भारतात पसरलेल्या वाणात पार्थेनिन हे द्रव्य भरपूर असते, तर दक्षिण अमेरिकेतल्या काही वाणांत त्याच्या जागी हायमेनिन हे जवळचे द्रव्य मुख्य असते. शिवाय इथे हे झाड आले तेव्हा त्याला खाणारे किडे मागेच राहिले होते.

कारण : पार्थेनिन हे सेस्क्विटर्पीन लॅक्टोन गटातले द्रव्य आहे. ते झाडावरच्या बारीक लवेत साठलेले असते. झाड वाळले की ही लव आणि पानांचा चुरा धुळीबरोबर वाऱ्यावर उडतो आणि उघड्या अंगावर बसतो. घामाने ओलसर झालेल्या कातडीत पार्थेनिन तिथल्या प्रथिनांना चिकटते आणि शरीराच्या संरक्षक पेशी त्या जोडगोळीला शत्रू समजू लागतात. पहिल्या संपर्कात काहीच होत नाही. महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे संपर्क घडल्यावर शरीर बिथरते, आणि एकदा बिथरले की मग अगदी थोडी धूळही पुरते. परिणामही लगेच दिसत नाही; एक-दोन दिवसांनी उमटतो. त्यामुळे ‘काल काय खाल्ले’ याचा शोध घेत रुग्ण भलतीकडेच भरकटतो.

मराठी माणसाला बिब्बा उतणे चांगले माहीत असते. तो त्रासही ॲलर्जीचाच, पण बिब्ब्याचे तेल जिथे लागेल तिथेच कातडी उतते आणि माणसाला कारण ठाऊक असते. गाजरगवताला हात लावावा लागत नाही. ज्याने आयुष्यात ते झाड उपटलेले नाही त्यालाही हा रोग होतो. गाजरगवताच्या परागांमुळे शिंका आणि दमाही होऊ शकतो. त्याची यंत्रणा निराळी आहे.

लक्षणे : सुरुवात बहुधा चेहऱ्यावर होते. पापण्या सुजतात, कपाळ आणि गाल लालसर होऊन खाजतात, मानेवर बारीक पुटकुळ्या येतात, त्या फुटून लस वाहते, खपली धरते. सदऱ्याचे वरचे बटण उघडे राहते तिथे छातीवर त्रिकोणी पट्टा उमटतो. त्यानंतर कोपराची लवण, गुडघ्यामागची खोबण, मनगटे. धूळ घामाबरोबर जिथे जिथे साचते तिथे तिथे रोग घर करतो. उन्हामुळे होणाऱ्या पुरळापासून तो वेगळा ओळखण्याची एक खूण अनुभवी डॉक्टर हमखास पाहतात: वरच्या पापण्या, कानामागची जागा आणि हनुवटीखालची सावलीतली कातडी. उन्हाचा त्रास या जागा सोडतो. हवेतली धूळ सोडत नाही. ही खूण मात्र कायम टिकत नाही. जुन्या रुग्णांत कातडी उन्हालाही बिथरते आणि दोन्ही चित्रे एकमेकांत मिसळतात.

पहिली काही वर्षे त्रास पावसाळ्यात उठतो, फुलोऱ्याच्या दिवसांत वाढतो आणि हिवाळ्यात शमतो. रुग्णाला वाटते, गेले. पुढे मधला मोकळा काळ आखडत जातो आणि बारमाही खाज मागे लागते. खाजवून खाजवून कातडी जाड, काळपट, सुरकुतलेली होते. काहींच्या कपाळावर आणि भुवयांवर घड्या पडून चेहरा सिंहमुखासारखा दिसू लागतो. अशा वेळी आजूबाजूच्या माणसांच्या मनात कुष्ठरोगाची शंका येणे साहजिक आहे, आणि ती दूर करणे डॉक्टरांचे कामच आहे: कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर संवेदना कमी होते, इथे तर खाजेने माणसाला झोप लागत नाही. क्वचित सर्वांग लाल होऊन सालपटे निघतात. तो प्रकार गंभीर. रुग्णालयात दाखल करावे लागते. हातापायांवर खाजऱ्या गाठी येणे किंवा उघड्या भागावर जांभळट चकत्या उठणे अशी वेगळी रूपेही वैद्यकीय वृत्तांतांत नोंदलेली आहेत. अशी रूपे साध्या इसबासारखी दिसत नाहीत, म्हणून तीच सर्वाधिक चुकतात. उघड्यावर काम करणारे, चाळिशीच्या पुढचे पुरुष या रोगाच्या वृत्तांतांत सर्वांत जास्त आढळतात.

परिसर : हे शेतकऱ्याचे दुखणे, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे, हे कोल्हापूर शहराला लागून असलेल्या करवीर तालुक्यातील उचगावसारख्या गावात पाहिले तर कळते. एका अंगाला पुणे–बंगळूर महामार्ग, शेजारी गांधीनगरची कापडपेठ, दुसरीकडे ऊस. भांगलण झालेल्या आणि वाढून झाकलेल्या उसात गाजरगवताला ऊन मिळत नाही. तिथे ते फारसे माजत नाही. ते माजते बिगरशेती करून वर्षानुवर्षे मोकळ्या ठेवलेल्या प्लॉटवर, महामार्गाच्या भरावावर, पाणंदीच्या दोन्ही बाजूंना, बांधकामासाठी आणून टाकलेल्या मुरमाच्या ढिगावर. ट्रकमधून मुरूम आणि माती एका गावची दुसऱ्या गावी जाते, आणि बी तिच्याबरोबर जाते. शेत आणि शहर यांच्या सीमेवरची सगळी गावे अशीच आहेत. म्हणून ‘शेतात जाता का?’ एवढा एकच प्रश्न विचारून भागत नाही. सेवा रस्त्यावरचा गॅरेजवाला ‘नाही’ म्हणेल, दुकानदार ‘नाही’ म्हणेल, निवृत्त शिक्षक ‘नाही’ म्हणतील. तुमच्या घरामागे काय आहे, कपडे कुठे वाळत घालता, सकाळी फिरायला कोणत्या रस्त्याने जाता, हे विचारावे लागते. माझ्या मते या रोगाचे अर्धे निदान या तीन प्रश्नांत आहे.

निदान : संशय पक्का करण्यासाठी पॅच टेस्ट करतात. झाडाचा ठरावीक प्रमाणातला अर्क छोट्या ॲल्युमिनियमच्या वाट्यांमध्ये घेऊन चिकटपट्टीने पाठीच्या वरच्या भागावर लावतात. दोन दिवस पाठ भिजवायची नाही, घाम येईल असे काम करायचे नाही. ४८ तासांनी पट्टी काढून पाहतात, आणि पुन्हा तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी. वाटीच्या जागी लाली, उंचवटा, बारीक फोड दिसले तर ॲलर्जी आहे. शेवंती आणि सूर्यफूल यांनाही काही रुग्णांची कातडी तसाच प्रतिसाद देते, कारण कूळ एकच. अशा रुग्णाला पूजेच्या फुलांपासूनही जपावे लागते. रोग ऐन भरात असताना किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या मोठ्या मात्रेत सुरू असताना ही चाचणी करीत नाहीत. निष्कर्ष फसवे येतात. घरच्या घरी पाला चोळून ‘चाचणी’ करणे धोक्याचे आहे.

उपचार : तीव्र अवस्थेत स्टेरॉइडची मलमे आणि खाज कमी करणाऱ्या गोळ्या, गरज पडल्यास थोड्या दिवसांपुरत्या स्टेरॉइडच्या गोळ्या. खरी अडचण पुढे येते. चेहऱ्यावर तेच मलम महिनोन्‌महिने चोळले की कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, मलम थांबवताच आग उसळते. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना मिळणाऱ्या, स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांनी हे नुकसान वाढवले आहे. गाजरगवताच्या रुग्णाचा नायट्याशी संबंध नसतो, तरी त्याच्या खिशात नायट्याच्या मलमाची ट्यूब असते. दीर्घ उपचारासाठी ॲझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती आवरणारे औषध मोठे वरदान ठरले. या रोगातील त्याच्या उपयोगावर विनोद कुमार शर्मा आणि सहकाऱ्यांचा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. त्याचा परिणाम दिसायला आठवडे लागतात, आणि रक्तपेशी व यकृत यांची नियमित तपासणी केल्याशिवाय ते घेऊ नये. मेथोट्रेक्सेट आणि सायक्लोस्पोरिन हे पर्यायही वापरात आहेत. अर्क तोंडावाटे थोडा थोडा देऊन शरीराची सवय करण्याचे प्रयोग झाले, पण रोजच्या उपचारात ते रुळले नाहीत.

कोणतेही औषध घेतले तरी धूळ चुकवणे सुटत नाही. पूर्ण बाह्यांचे कपडे, बाहेरून आल्यावर अंघोळ, कपडे घरात वाळवणे, शक्य असेल तर फुलोऱ्याच्या दिवसांत दुसरीकडे राहणे. रोजंदारीवर जगणाऱ्याला शेवटची सूचना पाळता येत नाही, आणि रोग त्यालाच जास्त होतो. म्हणून तणाचा बंदोबस्त हा या रोगाच्या उपचाराचाच भाग मानला पाहिजे, आणि तो एकट्या रुग्णावर न टाकता ग्रामपंचायतीने आणि प्लॉटच्या मालकांनी उचलला पाहिजे.

तणनियंत्रण : झायगोग्रामा बायकोलोराटा हा मेक्सिकन भुंगा १९८३ साली बंगळूरला आणला गेला आणि पुढच्या वर्षी रानात सोडला. तो आणि त्याच्या अळ्या पावसाळ्यात गाजरगवताची पाने फस्त करतात. हिवाळ्यात भुंगा जमिनीत दडी मारतो. महाराष्ट्रात तो आता अनेक ठिकाणी आपसूक आढळतो, पण पूर्ण बंदोबस्त एकट्याने करीत नाही. टाकळ्यासारख्या वनस्पतींची दाट वाढ झाली की गाजरगवत मागे हटते. मोकळ्या जागेत मिठाचे दाट पाणी फवारण्याचा उपायही सांगितला जातो. पिकाच्या जमिनीत तो करू नये. सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे फुलावर येण्याआधी, जमीन ओली असताना, मुळासकट उपटणे. फुलोऱ्याआधी उपटलेल्या झाडाचे खत होते. फुलोऱ्यानंतर बी खतातून पुन्हा रानात जाते. वाळलेले झाड हलवू वा जाळू नये, कारण चुरा आणि धूर दोन्ही हवेत पसरतात. उपटणाऱ्याच्या हातात मोजे, तोंडावर फडके आणि अंगात पूर्ण बाह्या हव्यात, आणि ज्याला हा त्वचादाह एकदा झाला आहे त्याने या कामाला जाऊ नये.