वय वाढलं की समोरून येणाऱ्या गाडीचा अंदाज का चुकतो? मेंदू गती कशी ओळखतो ते समजून घ्या

समजा, संध्याकाळचे सात वाजलेत. मनीषनगर-बेसा रस्त्याच्या कडेला सत्तरीतले एक आजोबा भाजीची पिशवी घेऊन उभे आहेत. समोरून दुचाकी येतेय. "अजून लांब आहे" म्हणून ते पाऊल टाकतात आणि दुचाकी एकदम अंगावर आल्यासारखी वाटते. घरी नातू म्हणतो, "आबा, चष्म्याचा नंबर तपासून घ्या." नंबर तपासला तर तो बरोबर निघतो! मग चुकलं कुठे?

उत्तर बहुतेक वेळा डोळ्यांच्या मागे, म्हणजे मेंदूत असतं. चला, सोप्या भाषेत बघूया.

गती डोळ्यांना दिसते की मेंदूला?

डोळा कॅमेऱ्यासारखं चित्र घेतो, हे आपण शाळेत शिकलो. पण "ही वस्तू कुठल्या दिशेला, किती वेगात चालली आहे" हा हिशेब मुख्यतः मेंदू करतो. डोक्याच्या मागच्या बाजूला दृष्टीचं पहिलं केंद्र आहे. तिथल्या प्रत्येक चेतापेशीला दृश्याचा अगदी छोटा तुकडा दिसतो. हे तुकडे जोडून एकसंध हालचाल ओळखण्याचं मोठं काम 'एमटी' किंवा 'व्ही ५' नावाच्या भागात होतं. इथल्या पेशींची आपापली आवडती दिशा असते. कुणी उजवीकडे जाणाऱ्या वस्तूला जास्त प्रतिसाद देते, कुणी डावीकडे.

या भागाचं महत्त्व १९८३ मध्ये जर्मनीतल्या एका रुग्णाच्या अभ्यासातून ठळक झालं. मेंदूच्या दोन्ही बाजूंना इजा झाल्याने या महिलेला रंग आणि आकार दिसायचे, पण हालचाल दिसत नव्हती. कपात ओतलेला चहा तिला गोठल्यासारखा वाटायचा. आधी लांब दिसलेली गाडी अचानक जवळ आलेली असायची.

वयानुसार नेमकं काय बदलतं?

१. प्रकाश कमी पोहोचतो. बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होतं. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांश इतकाच प्रकाश पोहोचतो.

२. गोंगाटातून दिशा निवडणं कठीण जातं. यासाठी एक चाचणी असते. स्क्रीनवर शेकडो ठिपके फिरतात. त्यातले काही एकाच दिशेला जातात, बाकीचे कसेही भरकटतात. एका दिशेला जाणाऱ्यांचं प्रमाण कमी करत गेलं, की ज्येष्ठांना दिशा ओळखणं तरुणांपेक्षा लवकर कठीण होतं.

३. मेंदूतला 'ब्रेक' सैल होतो. 'गाबा' हे रसायन पेशींचा अनावश्यक प्रतिसाद दाबतं. वयस्क माकडांच्या दृष्टिकेंद्रातल्या पेशी कुठल्याही दिशेला सारखाच प्रतिसाद देऊ लागतात, असं आढळलं. २००३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या प्रयोगात अशा पेशींना गाबा दिल्यावर त्या पुन्हा बऱ्याच अंशी नेमक्या दिशेलाच प्रतिसाद देऊ लागल्या.

एक उलटी गंमत

एका गोष्टीत मात्र ज्येष्ठ तरुणांना मागे टाकतात! कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवलं, की मोठ्या आणि ठळक पट्ट्यांची दिशा ओळखायला ज्येष्ठांना तरुणांपेक्षा कमी वेळ लागतो. तरुण मेंदू मोठी, पसरलेली हालचाल 'पार्श्वभूमी' समजून दाबून टाकतो. ज्येष्ठांचा ब्रेक सैल असल्याने ती दाबली जात नाही.

हा फायदा वाटतो, पण रस्त्यावर तोच अडचणीचा ठरू शकतो. मनीषनगरहून वर्धा रोडला आलात की वर मेट्रो, मधल्या पुलावर गाड्या आणि खाली रिक्षा, बस, दुचाकी. एवढ्या हालचालीत आपल्याकडे येणारी एकच दुचाकी वेगळी काढायची असते. पार्श्वभूमी दाबता आली नाही, तर ती त्यातच मिसळून जाते.

रस्ता ओलांडताना हिशेब कसा चुकतो?

गाडी सरळ आपल्याकडे येते तेव्हा ती बाजूला सरकत नाही, फक्त मोठी होत जाते. लांब असताना हे मोठं होणं फारच सावकाश असतं. रात्री कारच्या दोन दिव्यांमधलं अंतर वाढताना दिसतं, पण दुचाकीला एकच दिवा! तेवढीही खूण मिळत नाही.

मग अनेक ज्येष्ठ वेगाऐवजी अंतरावर विसंबतात. आता आकडे बघा. ७ मीटरचा रस्ता सेकंदाला १ मीटर चालीने ओलांडायला ७ सेकंद लागतात.

- ताशी ३६ किमीची गाडी तेवढ्यात ७० मीटर येते.
- ताशी ५४ किमीची गाडी १०५ मीटर येते.

"८० मीटर लांब आहे, निघतो" हा निर्णय पहिल्या गाडीसमोर जेमतेम चालतो. दुसऱ्या गाडीसमोर तोच निर्णय जिवावर बेततो.

सरावाने सुधारतं का?

काही प्रमाणात, हो. अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या २,८३२ जणांवर 'ॲक्टिव्ह' नावाचा मोठा अभ्यास झाला. त्यातल्या एका गटाला संगणकावर झटपट बघून ओळखण्याचा सराव दिला. पुढच्या काही वर्षांत या गटातल्या चालकांकडून स्वतःच्या चुकीने होणारे अपघात कमी झाले. पण हा विशिष्ट सराव होता. मोबाइलवरचा कुठलाही 'ब्रेन गेम' तेच काम करेल असं समजू नका.

घरच्यांनी आणि ज्येष्ठांनी काय करावं?

- गाडीकडे एक नजर टाकून निघू नका. दोन-तीन सेकंद बघत राहा, म्हणजे ती किती मोठी होतेय ते कळतं.
- शक्यतो सिग्नलवरूनच ओलांडा. दुभाजक असेल तर दोन टप्प्यांत जा.
- संध्याकाळी फिकट कपडे घाला, म्हणजे चालकाला तुम्ही लवकर दिसाल.
- मोतीबिंदू असेल तर उपचार टाळू नका. प्रकाश आणि स्पष्टता वाढली तर मेंदूचं कामही सोपं होतं.
- गाडी चालवत असाल तर अंधारात उजवीकडे वळताना जास्त वेळ थांबा.
- अचानक अर्धं दिसेनासं झालं किंवा दोन-दोन दिसू लागलं तर ते वय म्हणून सोडू नका. पक्षाघात असू शकतो, लगेच १०८ ला फोन करा.

थोडक्यात

चष्मा चित्र स्पष्ट करतो, वेग मोजत नाही. तो हिशेब मेंदूचा आहे आणि वयानुसार त्याला थोडा जास्त वेळ लागतो. त्यामुळे आबा रस्त्याच्या कडेला जरा जास्त वेळ उभे राहिले तर "चला ना पटकन" म्हणू नका. आणि गाडी तुम्ही चालवत असाल, तर ते थांबतील असं गृहीत न धरता आधी तुमचा वेग कमी करा.