चिखलदरा

चिखलदरा हे महाराष्ट्राच्या अमरावती जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण व विदर्भातील प्रमुख थंड हवेचे ठिकाण आहे. सातपुडा पर्वताच्या गाविलगड रांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे १,११८ मीटर उंचीवरील पठारावर ते वसले आहे. गावाची लोकसंख्या सुमारे पाच हजार असून येथील नगरपरिषद राज्यातील सर्वांत लहान नगरपरिषदांमध्ये गणली जाते. चिखलदरा आणि धारणी हे दोन तालुके मिळून होणारा डोंगराळ प्रदेश 'मेळघाट' या नावाने ओळखला जातो. अनेक घाटांचा जेथे मेळ होतो तो मेळघाट, अशी या नावाची फोड केली जाते.

भौगोलिक स्थान

वऱ्हाडचे परंपरेने तीन भाग मानले जातात : उत्तरेचा मेळघाट, मधला पयनघाट म्हणजे पूर्णा नदीचे सपाट खोरे आणि दक्षिणेचा बालाघाट. चिखलदरा मेळघाटाच्या दक्षिण कडेवर आहे. येथून दक्षिणेकडे पाहिले असता पठार एकाएकी तुटलेले दिसते आणि खाली अचलपूर, अंजनगाव सुर्जी, अकोट या भागांतील काळ्या मातीचे मैदान पसरलेले दिसते. डोंगर व मैदान यांच्यामधील ही सीमारेषा भूशास्त्रात 'गाविलगड प्रस्तरभंग' म्हणून ओळखली जाते. डोंगराचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या बेसॉल्ट खडकाचा आहे.

पठारावरील सर्वोच्च ठिकाण वैराट असून त्याची उंची सुमारे १,१७८ मीटर आहे. परतवाडा ते चिखलदरा हे अंतर सुमारे ३० किलोमीटर असून धामणगाव गढी व मोथा यांमार्गे एक आणि घटांगमार्गे दुसरा, असे दोन घाटरस्ते आहेत. अमरावती येथून सुमारे ८५ किलोमीटर दूर आहे. गावापर्यंत लोहमार्ग नाही.

नद्या व जलविभाजन

गाविलगडची रांग हा एक जलविभाजक आहे. उत्तर उतारावरील सिपना, खापरा, खंडू, गाडगा व डोलार या नद्या तापीच्या खोऱ्याकडे वाहतात. दक्षिण उतारावरून चंद्रभागा, शहानूर इत्यादी नद्या मैदानात उतरून पूर्णेला मिळतात. पूर्णाही पुढे जळगाव जिल्ह्यात चांगदेव येथे तापीला मिळते. त्यामुळे रांगेच्या दोन्ही अंगांवर पडणारे पाणी शेवटी एकाच नदीत जाते.

दक्षिणेकडील नद्यांचे महत्त्व पूर्णाकाठच्या 'खारपाण पट्ट्या'मुळे वाढले आहे. अमरावती, अकोला व बुलडाणा जिल्ह्यांतील या पट्ट्यात भूजल खारट आहे. विहीर खोदली तरी पाणी पिण्यास वा ओलितास योग्य मिळेलच असे नसते. शहानूर धरणाचे पाणी अंजनगाव व दर्यापूर भागातील गावांना, तर मेळघाटाच्या पश्चिम टोकाला वारी भैरवगडजवळ बांधलेल्या वान प्रकल्पाचे पाणी अकोट व तेल्हारा भागांतील गावांना नळयोजनांद्वारे पुरवले जाते. डोंगरावरील जंगल आणि खालच्या गावांतील पिण्याचे पाणी यांचा संबंध त्यामुळे प्रत्यक्ष आहे.

हवामान

मैदानी वऱ्हाडात उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते, तेव्हा चिखलदऱ्यात ते सहसा ४० अंशांच्या आत राहते. हिवाळ्यात पारा पाच अंशांपर्यंत उतरतो. वार्षिक पर्जन्यमान सुमारे १,५०० मिलिमीटर, म्हणजे खालच्या मैदानाच्या जवळपास दुप्पट आहे. जुलै ते सप्टेंबर या काळात पठार बहुधा धुक्यात असते. पाऊस मुबलक असला तरी कठीण खडक व तीव्र उतार यांमुळे पाणी झपाट्याने वाहून जाते आणि उन्हाळ्यात तालुक्यातील अनेक पाड्यांवर टंचाई जाणवते.

नावाची व्युत्पत्ती

लोकसमजुतीप्रमाणे 'चिखलदरा' हे 'कीचकदरा' या नावाचे बदललेले रूप आहे. अज्ञातवासात पांडव विराट राजाच्या आश्रयाला असताना भीमाने कीचकाचा वध केला व त्याचे प्रेत येथील दरीत फेकले, तसेच जेथे हात धुतले ते भीमकुंड, अशी कथा सांगितली जाते. वैराट या नावाचा संबंधही विराट राजाशी जोडला जातो. अभ्यासक मात्र महाभारतातील मत्स्य देश व विराटनगर राजस्थानातील बैराट परिसरात मानतात. त्यामुळे ही कथा स्थळपुराण म्हणूनच घेतली जाते. पावसाळ्यातील चिखलावरून नाव पडले असावे, असेही एक मत आहे. इंग्रजी कागदपत्रांत हे नाव 'चिकलदा' असे आढळते.

इतिहास

गाविलगड किल्ला

चिखलदऱ्याचा इतिहास लगतच्या गाविलगड किल्ल्याशी निगडित आहे. गवळ्यांच्या जुन्या गढीवरून किल्ल्याचे नाव पडले, अशी परंपरा आहे. बहमनी सुलतान अहमदशहा याने इ.स. १४२५ च्या सुमारास येथे भक्कम किल्ला उभारला. इ.स. १४९० मध्ये फतेहउल्ला इमादउल्मुल्क याने वऱ्हाडात स्वतंत्र इमादशाही स्थापन केली. अचलपूर ही तिची राजधानी होती, तर गाविलगड व अकोट तालुक्यातील नरनाळा हे तिचे दोन बळकट आधार होते. इ.स. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने इमादशाही जिंकली. त्यानंतर किल्ला मोगलांकडे आणि अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांकडे गेला.

दुसऱ्या इंग्रज–मराठा युद्धात हा किल्ला निर्णायक ठरला. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे आर्थर वेलस्ली याच्या फौजेने भोसले व शिंदे यांच्या सैन्याचा पराभव केला. त्यानंतर इंग्रजांनी गाविलगडला वेढा घातला. किल्ल्याच्या तीन बाजूंस खोल दऱ्या असल्याने उत्तरेकडून हल्ला करणेच शक्य होते. त्यासाठी कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने डोंगरातून वाट काढत अवजड तोफा चढवल्या. १५ डिसेंबर १८०३ रोजी बाहेरील तटाला खिंडार पडले, परंतु आत दुसरा तट होता. कॅप्टन कॅम्पबेल याच्या सैनिकांनी शिड्या लावून तो ओलांडला व दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबर रोजी, देवगाव येथे तह झाला. त्यात भोसल्यांनी कटक प्रांत इंग्रजांना दिला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख सोडला. गाविलगड व नरनाळा हे किल्ले मात्र त्या वेळी भोसल्यांकडेच राहिले. वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून प्रसिद्ध झाला. इंग्रजी कादंबरीकार बर्नार्ड कॉर्नवेल यांच्या 'शार्प्स फोर्ट्रेस' या कादंबरीची पार्श्वभूमी हा वेढा आहे.

किल्ल्यावर आज दरवाजे, तटबंदी, मशिदीचे अवशेष, तलाव व काही तोफा आहेत. दरवाजावरील गंडभेरुंडाचे शिल्प इमादशाहीची खूण मानले जाते. किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे.

गिरिस्थान

इ.स. १८२३ मध्ये हैदराबादच्या फौजेतील कॅप्टन रॉबिन्सन याने हे पठार 'शोधले', अशी नोंद सर्वत्र दिली जाते. प्रत्यक्षात कोरकू व गवळी यांची वस्ती या डोंगरात त्याआधीपासून होती. रॉबिन्सनमुळे युरोपीय अधिकाऱ्यांना हवापालटाची जागा मिळाली, इतकाच त्याचा अर्थ आहे. १८५३ च्या करारानुसार निजामाने वऱ्हाडचा कारभार कंपनी सरकारकडे सोपवला. त्यानंतर येथे बंगले, विश्रामगृहे व चर्च उभी राहिली. हरिकेन, प्रॉस्पेक्ट यांसारखी स्थळनामे त्या काळाची आठवण देतात. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला, १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला आणि १९६० पासून महाराष्ट्राचा भाग आहे.

लोकजीवन

तालुक्यातील बहुसंख्य लोक कोरकू आहेत. कोरकू भाषा ऑस्ट्रो-आशियाई कुळातील मुंडा शाखेची असून या शाखेतील ती सर्वांत पश्चिमेकडील भाषा आहे. मराठी, हिंदी किंवा गोंडी यांच्याशी तिचे मूळ नाते नाही. 'कोरो' म्हणजे माणूस व 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय, म्हणून कोरकू म्हणजे 'माणसे'. कोरकू गावात घरांच्या दोन सरळ रांगा समोरासमोर असतात व मध्ये रुंद मोकळी वाट असते. मृतांच्या स्मरणार्थ कोरीव लाकडी स्तंभ उभारण्याची प्रथा आहे. होळी हा वर्षातील सर्वांत मोठा सण असून त्या वेळी बाहेरगावी कामास गेलेले लोक गावी परततात, फगवा मागतात आणि मेघनाथाची यात्रा भरते.

गवळी समाज पशुपालन करतो. चिखलदरा व मोथा परिसरातील खवा व रबडी त्यामुळे प्रसिद्ध आहे. कोदो, कुटकी, सावा ही जुनी भरड धान्ये असून आता मका व सोयाबीन यांचे क्षेत्र मोठे आहे. ब्रिटिश काळात येथे कॉफीची लागवड सुरू झाली. महाराष्ट्रात कॉफी पिकणाऱ्या मोजक्या ठिकाणांत चिखलदऱ्याचा समावेश होतो. अलीकडे मोथा परिसरात स्ट्रॉबेरी, तर आमझरी येथे मधमाशीपालन केले जाते.

वने व वन्यजीव

या डोंगरांत शुष्क पानझडी वन आहे. साग, ऐन, तिवस, धावडा, मोह, तेंदू, आवळा व बांबू ही प्रमुख झाडे होत. व्याघ्र प्रकल्प योजनेत १९७३-७४ मध्ये निवडलेल्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाटाचा समावेश होता. प्रकल्पाचे एकूण क्षेत्र सुमारे २,७६८ चौरस किलोमीटर असून त्यातील गाभा क्षेत्र सुमारे १,५०० चौरस किलोमीटर आहे. गुगामल राष्ट्रीय उद्यान त्याच गाभ्यात येते. वाघ, बिबट्या, अस्वल, रानकुत्रा, गवा व सांबर हे येथील प्रमुख प्राणी आहेत.

रानपिंगळा हा छोटा घुबडवर्गीय पक्षी १८८४ नंतर दिसला नव्हता व तो नामशेष झाल्याचे मानले जात होते. १९९७ मध्ये तो शहाद्याजवळ पुन्हा आढळला आणि नंतर मेळघाटातही त्याचे अस्तित्व सिद्ध झाले. अरण्यविषयक लेखनासाठी ख्यातनाम असलेले मारुती चितमपल्ली यांनी मेळघाट व्याघ्र प्रकल्पात वनाधिकारी म्हणून काम केले होते.

आरोग्य, वनहक्क व पुनर्वसन

१९९३ मध्ये मेळघाटातील बालमृत्यूंच्या बातम्यांनी राज्याचे लक्ष या भागाकडे वेधले. त्यानंतर न्यायालयांत जनहित याचिका दाखल झाल्या व शासनाने आदिवासी भागांसाठी विशेष आरोग्य व पोषण योजना राबवल्या. कुपोषणाची कारणे केवळ अन्नाच्या तुटवड्यात नाहीत. पावसाळ्यात तुटणारे रस्ते, दवाखान्याचे अंतर, कमी वयातील विवाह, कोरकू न समजणारे कर्मचारी आणि खरिपानंतर मजुरीसाठी होणारे स्थलांतर ही सर्व परस्परांत गुंतलेली आहेत. कुटुंब स्थलांतरित झाले की मूल गावच्या अंगणवाडीच्या नोंदीतून सुटते, ही त्यातील मोठी अडचण आहे. बैरागड येथे दीर्घकाळ वैद्यकीय सेवा देणाऱ्या डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे या दांपत्याला २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली.

व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातील अनेक गावे हलवण्यात आली आहेत. बोरी, कोहा व कुंड ही गावे प्रथम उठली. पुढे वैराट, चुर्णी, अमोना, नागरतास, बारूखेडा, गुल्लरघाट, केलपाणी इत्यादींचे पुनर्वसन झाले. यांपैकी अनेक गावे अकोला जिल्ह्यातील अकोट व तेल्हारा भागांत वसवण्यात आली. रिकाम्या झालेल्या गावठाणांवर व शेतांवर गवताळ कुरणे तयार झाली व तृणभक्षी प्राण्यांना त्यांचा लाभ झाला. पुनर्वसित लोकांना शाळा व बाजार जवळ मिळाले, परंतु मोहफूल, तेंदूपान, रानभाज्या व सरपण यांचा आधार गेला. जमीन व सोयींची आश्वासने पूर्ण झाली नाहीत, अशी तक्रार करून काही कुटुंबे जुन्या गावी परतल्याने वनविभागाशी संघर्षही झाला.

वनहक्क कायदा, २००६ अन्वये दुसरा मार्ग पुढे आला. मेळघाटाच्या पायथ्याच्या पायविहीर गावाला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. ग्रामसभेने चराई व तोड यांवर स्वतः नियम घातले, उजाड जंगल पुन्हा उभे केले आणि सीताफळ विक्रीतून उत्पन्न मिळवले. जंगल राखण्यासाठी वस्ती हटवणे सर्वत्र अपरिहार्य नसते, या मताच्या पुष्ट्यर्थ हे उदाहरण दिले जाते. वाघासाठी अस्पर्श क्षेत्र आवश्यक मानणारे अभ्यासक मात्र गाभा क्षेत्र व पायथा यांची तुलना होऊ शकत नाही, असे म्हणतात.

अकोला–खांडवा मीटरगेज लोहमार्ग या जंगलातून जात होता. धूळघाटाजवळ चढ पार करण्यासाठी तो 'चार'च्या आकड्यासारखा वळसा घेत असे. २०१७ मध्ये अकोटच्या पुढील वाहतूक बंद झाली. ब्रॉडगेज मार्ग व्याघ्र प्रकल्पातूनच न्यावा की बाहेरून, यावर दीर्घ वाद झाला व वनक्षेत्र टाळणारा पर्यायी मार्ग पुढे आला.

पर्यटन

देवी पॉइंट, मोझरी पॉइंट, पंचबोल, भीमकुंड, वैराट, शक्कर तलाव, कालापाणी तलाव व गाविलगड ही प्रमुख प्रेक्षणीय स्थळे आहेत. पंचबोल येथे दरीत दिलेल्या हाकेचे प्रतिध्वनी ऐकू येतात. व्याघ्र प्रकल्पातील सेमाडोह व कोलकास येथे वनविभागाची निवासव्यवस्था आहे. पावसाळ्यातील सुट्यांत अमरावती, अकोला व नागपूर येथून येणाऱ्या पर्यटकांची मोठी गर्दी होते.

गिरिस्थानाच्या विकासाची जबाबदारी सिडकोकडे देण्यात आली असून गोराघाट व हरिकेन पॉइंट यांना जोडणारा काचेचा स्कायवॉक हाती घेण्यात आला. वन व वन्यजीवविषयक परवानग्यांमुळे हे काम काही काळ थांबले होते. पर्यटनातून स्थानिकांना रोजगार मिळतो, मात्र वाहनांची गर्दी, प्लॅस्टिकचा कचरा आणि उन्हाळ्यात अपुऱ्या पडणाऱ्या तलावांवरील ताण यांचा भार पाच हजार वस्तीच्या नगरपरिषदेवर पडतो.

प्रशासन

चिखलदरा व धारणी हे तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रात येतात. त्यामुळे तेथील ग्रामपंचायतींना पेसा कायदा लागू आहे. विधानसभेचा मेळघाट मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव असून तो अमरावती लोकसभा मतदारसंघात मोडतो.