मुख्याध्यापिकेची खुर्ची

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या भागातील एखाद्या शाळेत मुख्याध्यापकांच्या खुर्चीवर स्त्री बसलेली दिसली, तर आज कोणासही नवल वाटत नाही. काळ पालटला, पुरुष उठला आणि त्याच्या जागी स्त्री बसली, अशी आपली सोयीची समजूत असते. इतिहास मात्र इतका सरळ नाही.

फुले दांपत्याने पुण्यास 1848 मध्ये मुलींची शाळा काढली. पुढे 1851 मध्ये चिपळूणकरांच्या वाड्यात जी शाळा निघाली, तिच्या मुख्याध्यापिका सावित्रीबाई होत्या व त्यांच्या हाताखाली पुरुष शिक्षक काम करीत. सावित्रीबाईंच्या अंगावर लोकांनी शेण फेकल्याची कथा सर्वतोमुखी आहे. परंतु पुरुषाने स्त्रीच्या अनुज्ञेने शिकवावे, ही गोष्ट आम्हांस तीहून अधिक विलक्षण वाटते. तिचा उल्लेख क्वचितच होतो.

यानंतर तेहतीस वर्षांनी, 1884 मध्ये, रानडे-भांडारकरांसारख्या सुधारकांनी हुजूरपागेची शाळा स्थापिली. तिच्या पहिल्या अधीक्षिका कोण? तर मिस् हर्फर्ड. म्हणजे पुरुषाकडून ही खुर्ची मडमेकडे गेली. देशी स्त्रीची पाळी अद्याप यावयाची होती. सुधारकांस दोष देणे सोपे आहे. त्या वर्षापर्यंत मुंबई विद्यापीठाची एकही स्त्री पदवीधर झालेली नव्हती, हे विसरून चालणार नाही. पण मग सावित्रीबाईंजवळ तरी पदवी कोठे होती?

पदवी घेऊन ती खुर्ची मिळविणाऱ्या स्त्रियांत ताराबाई मोडक येतात. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या त्या पहिल्या भारतीय स्त्री-प्राचार्य. जे पद मिळविण्यास दोन पिढ्या लागल्या, ते त्यांनी थोडक्याच काळात सोडले, व भावनगरास गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात त्या कामास लागल्या! आमच्यासारख्या पगारी प्राध्यापकास हे धाडस सुचले नसते, हे प्रांजळपणे सांगितलेले बरे. प्राचार्यपदाचा मान मोठा खरा. पण मुलाला प्रथम काय द्यावे, हा त्यांचा प्रश्न त्या दालनात सुटणारा नव्हता. 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ निघाला, आणि 1945 मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या बोर्डीस येऊन राहिल्या. बोर्डी आज पालघर जिल्ह्यात आहे. 2014 पर्यंत ती आपल्या ठाणे जिल्ह्यातच होती.

तेथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. बालपणीच वैधव्य आलेल्या अनुताई पूर्वी हुजूरपागेतच शिक्षिका होत्या. आदिवासींची मुले शाळेत येत ना. तेव्हा या दोघींनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. 1957 मध्ये मुक्काम कोसबाडच्या टेकडीवर हलला. गुरे राखणाऱ्या पोरांस अंगणही नसे, म्हणून पुढे कुरणशाळा निघाली. गुरे चरत राहावीत, आणि जवळच झाडाखाली पोरांनी बाईंभोवती बसावे.