मोळीत लपवलेला कोयता

या मालिकेत मी बहुतेक वेळा लढायांवर बोलतो. आज सरपणावर बोलणार आहे. हसू नका. हाही इतिहासच आहे, आणि यातही गोळीबार आहे.

निवृत्तीनंतर मी डेहराडूनला राहतो. अंगणात लिचीची दोन झाडे आणि एक जुना आंबा आहे. माझे वर्ष आता या तीन झाडांवर चालते. मे-जूनच्या वादळात आंब्याच्या फांद्या मोडून पडतात, त्या गोळा करायच्या. लिची उतरली की छाटणी करायची. पावसाळाभर ते सगळे पत्र्याखाली, विटांवर, जमिनीला न टेकेल असे रचून ठेवायचे. दिवाळीच्या सुमारास दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघायचे. बद्द आवाज आला तर आत ओल आहे, टणक वाजले तर लाकूड तयार. मग डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळी शेकोटी. साठी ओलांडलेल्या माणसाला याहून जास्त काय हवे?

पण शेकोटीपाशी बसलो की आईची मोळी आठवते.

आमचे गाव सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यातल्या डोंगरात. तिथे सरपणाचे वर्ष उलटे चालायचे. चैत्र-वैशाखात बायका पहाटे डोंगर चढत आणि ऊन तापायच्या आत मोळी घेऊन उतरत. मिरगाच्या आधी चार महिन्यांचे जळण पडवीत आणि शेणी माळ्यावर गेल्या पाहिजेत, असा दंडकच होता. ज्या घरची बेगमी कमी पडे, त्या घरी श्रावणात ओली लाकडे धुमसत आणि फुंकणी फुंकून बाईचे डोळे लाल होत. थंडीत आम्ही पोरे आगटीभोवती बसायचो. होळीला दुसऱ्याच्या गंजीतली लाकडे पळवायचो, आणि वर्षातली तेवढी एक चोरी गाव माफ करायचे.

आईच्या मोळीत कोयता नेहमी मधोमध, काटक्यांच्या आत खुपसलेला असे. हातात का धरत नाही, असे मी एकदा विचारले. आई म्हणाली, "गप चाल." त्याचे उत्तर मला पुढे इतिहासाच्या पुस्तकांत मिळाले.

१८५३ साली मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत रूळ देशभर पसरू लागले. रुळाखाली स्लीपर लागतात आणि ते तेव्हा लाकडाचे होते. साग, साल, देवदार यांची बेसुमार तोड झाली. दगडी कोळसा सगळीकडे पोचेपर्यंत कितीतरी इंजिने लाकडावरच धावली. जंगल संपेल ही भीती सरकारला वाटू लागली, तेव्हा १८६४ साली वनखाते स्थापन झाले. डिट्रिच ब्रँडिस हा जर्मन वनशास्त्रज्ञ त्याचा पहिला प्रमुख. १८७८ साली नवा वनकायदा आला. त्याच वर्षी इथे डेहराडूनला वनशाळा सुरू झाली. माझ्या घरापासून ते ठिकाण लांब नाही.

या कायद्याचे मर्म एका वाक्यात सांगता येते. राखीव जंगलात, परवानगी दिलेली नसेल ते सर्व मना. त्याआधी गावकरी जे वहिवाटीने आणत होते, ते आता सरकारने दिले तर सवलत आणि न दिले तर गुन्हा ठरले. सगळ्या इंग्रज अधिकाऱ्यांना हे पटले होते असेही नाही. मद्रास सरकारने या कायद्याला विरोध केला आणि १८८२ साली आपला वेगळा कायदा केला. आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगलखात्यावर कडक टीका केली, कारण गुरांची राने गेली की शेतकरी मोडतो हे त्यांनी पाहिले होते.

रेल्वेसाठी जंगल कोणी तोडले आणि पहारा कोणावर बसला, हे लक्षात घ्या. पहारा बसला मोळीवाल्या बाईवर.

हा राग १९३० साली बाहेर पडला. गांधीजींनी दांडीला मीठ उचलले. पण वऱ्हाडात समुद्र कुठला? तिथे लोकांनी जंगलचा कायदा मोडायचे ठरवले. जुलैमध्ये पुसदला बापूजी अणे यांनी राखीव जंगलातले गवत कापून अटक करून घेतली. सांगलीकडे बिळाशीला, नगरकडे संगमनेरला हेच झाले. २५ सप्टेंबरला रायगड जिल्ह्यातल्या चिरनेरला गोळीबार झाला आणि माणसे मेली. सुरुवातीला गोळीबार म्हणालो, तो हा.

आता माझ्या स्वतःच्या खात्याकडे येतो, कारण ते टाळून पुढे जाणे बरोबर नाही.

१९८०च्या दशकात मी कॅप्टन असताना जोशीमठच्या बाजूला होतो. आमच्या लंगरला लाकूड ट्रकने यायचे. एका संध्याकाळी वळणावर ट्रक अडला आणि मागून पाठीवर बांजाच्या लाकडांचा भारा घेऊन एक म्हातारी आली. तिला वाट देत मी म्हणालो, "माताजी, फार ओझे आहे." ती थांबली आणि म्हणाली, "साहेब, तुमचे ट्रकमधून येते, आमचे पाठीवरून येते. जंगल एकच आहे." बोलण्यात राग नव्हता. मला उत्तर सुचले नाही.

तिथून जवळच रेणी गाव आहे. २६ मार्च १९७४ रोजी गौरादेवी आणि गावच्या बायका-मुली तिथे ठेकेदाराच्या माणसांसमोर उभ्या राहिल्या. त्या जंगलाला माहेर म्हणत. चिपको आंदोलनातली ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पण त्या दिवशी गावातले पुरुष कुठे होते? त्यांना चमोलीला बोलावले होते. १९६२च्या युद्धानंतर लष्करासाठी जमिनी घेतल्या होत्या, त्याची भरपाई मिळणार होती. सीमा राखायला रस्ते आणि छावण्या लागतात, यात मला शंका नाही. मी स्वतः त्या रस्त्यांवर चाललो आहे. पण त्या रस्त्यांची किंमत काही प्रमाणात त्या म्हातारीच्या पाठीवर पडली, हेही खरे आहे.

२००६च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाची यादी आहे. त्यात मध, तेंदूपाने यांच्याबरोबर झुडपी लाकूड आणि झाडांचे खुंटही आहेत. १८७८ पासून मोजले तर काटकीवरचा हक्क कागदावर यायला १२८ वर्षे लागली. गडचिरोलीच्या मेंढा लेखा गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवून दाखवला.

तोपर्यंत आई गेली होती. शेवटची काही वर्षे घरात गॅस होता. मी शेकोटीचे कौतुक फोनवर करायचो तेव्हा ती म्हणायची, "तुला गंमत वाटतीय, कारण तुझ्यावाचून चूल अडत नाही." बरोबर होते तिचे. धूर तिच्या वाट्याला होता, ऊब माझ्या.

तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला, बेळगावला किंवा हैदराबादला, तुमच्या घरात कोणीतरी आजी मोळी आणणारी असेलच. ती हयात असेल तर एकदा विचारा, कोयता कुठे ठेवायचीस?

माझ्या आईचा कोयता माझ्याकडे आहे. लिचीच्या बारीक फांद्या मी त्यानेच तोडतो. काम झाले की तो अंगणातल्या खुंटीला, सर्वांना दिसेल असा अडकवून ठेवतो.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.